तिच्या मशीनचा पॉइंट

सोमवार, ३ तारीख
आज सकाळी साडेदहाला शेजारची ती जिन्यात म्हणाली, "खिडकीपाशी एक पॉइंट काढून देशील?" — आणि माझं आयुष्यच बदललं! तिच्या शिलाई मशीनची वायर अख्ख्या खोलीतून ओढलेली असते, तिचे बाबा अडखळतात. मी ऐटीत म्हटलं, "अर्ध्या तासाचं काम." एकट्याने काढलेला माझा पहिलाच पॉइंट. ज्याच्याकडे वायरिंग शिकतोय त्या उस्तादाला सांगितलं नाही. दोन महिने त्याची शिडी धरतोय, मला काय येत नाही?

मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, खिडकीवरच्या दिव्याच्या डबीतून करंट आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल, अशा दोन तारा खाली आणल्या. इथवर सगळं शिस्तीत. पण दिव्याच्या लाइनीत अर्थिंगची तारच नव्हती! जुनं घर. ती चहा घेऊन उभी, बाबा मागे हात बांधून. त्यांनी विचारलं, "अर्थिंग आहे ना रे? मशीन लोखंडी आहे." नाही म्हणायला जीभ वळेना. सॉकेटच्या आत न्यूट्रलचाच एक तुकडा अर्थच्या पिनला जोडून टाकला. बल्ब लावून दाखवला — पेटला. बाबा खूश. "शेवटच्या वर्षाला ना तू? दिसतंय हो!"

कॉलेज मी दुसऱ्या वर्षीच सोडलं. त्यांना ठाऊक नाही. तिलाही नाही.

मंगळवार, ४
हसली. लांबून. बस्स!

बुधवार, ५
उस्तादाला सहज विचारलं, समजा एखाद्याने असं असं केलं... त्याने पक्कड खाली ठेवली. "बल्बला काय अक्कल आहे? पेटणारच तो. पण न्यूट्रल मागे कुठं सुटली, की तोच तुकडा करंट मशीनच्या अंगावर आणून सोडणार. अर्थिंग मेन बोर्डापासून वेगळी ओढायची. नाहीतर तीन पिनांचं सॉकेट लावायचंच नाही. कोण रे हा एखादा?"
"आहे ओळखीचा."
"त्याला म्हणावं, आधी जाऊन मेन पाड."
मी उगाच त्याच्यावरच भडकलो. बादलीला लाथ घातली. अंगठा सुजलाय. आणि तिच्याकडे गेलो नाही. भ्याड!

गुरुवार, ६
सारखे तिचे अनवाणी पाय दिसतात. शेवटी फोन केला. "आज मशीन नको लावूस."
"का? चाळीस गणवेश तू शिवणार? आणि ऐक, तो खिडकीवरचा दिवा कालपासून फडफडतोय. बघून जा ना."
फडफडतोय म्हणजे जोड ढिला. माझाच जोड! ओरडलो, "मेन बंद कर! आत्ताच्या आत्ता!"
केला म्हणाली. उस्तादाला सगळं कबूल केलं. शिवी घातली नाही त्याने, नुसती पिशवी उचलली. तो तार घेऊन येतोय, तोवर मी हे लिहितोय. अक्षर बघा माझं! खरं सांगितलं की बाबा दारातही उभं करणार नाहीत. ती तर...

शुक्रवार, ७
काल दिव्याची डबी उघडली. न्यूट्रलचा जोड काळा पडलेला. सांगितलं सगळं, कॉलेजचंही. बाबा खुर्चीत बसले. उस्ताद बोर्डापासून नवी अर्थिंग ओढत होता.
ती हळूच म्हणाली, "बुधवारपासून हाताला झिणझिण्या येत होत्या. बाबा तुला बोलतील म्हणून गप्प बसले."
तिच्याकडे बघवलं नाही. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.