वरच्या सुरांची जागा

प्रिय लाओ,

फोन असताना म्हाताऱ्याला पत्र लिहायची हुक्की का आली, म्हणून हसशील. हस बापड्या. फोन तुझ्या निकोलासाचा आहे आणि तुझा आवाज आला की ती तिथून हलत नाही. चुलीवरचा काळा घेवडा करपून जातो, तरी हलत नाही. मला जे बोलायचंय ते तिच्या देखत बोलता येत नाही. म्हणून तिकडे ये-जा करणाऱ्या कुरियरवाल्या बाईच्या हाती हे पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर माझ्या चष्म्याला शिव्या घाल.

मरिंबा बरा आहे. लाकडी पट्ट्यांखालच्या दोन नळ्यांवरचा डुकराच्या आतड्याचा पापुद्रा फाटला होता, तो मेण लावून नवा चिकटवला. आता पुन्हा गुणगुणतोय. मधल्या पट्ट्यांवर तुझा काका सिल्वेरिओ असतो, तोंड अजून हातांपेक्षा जास्त चालतं त्याचं. जाड पट्ट्यांवर, खर्जाला, मी. तू उत्तरेला गेल्यावर वरच्या सुरांची जागा मी कितीतरी दिवस रिकामीच ठेवली. आम्ही दोघे भाऊ लग्नात वाजवायला उभे राहिलो की लोक म्हणायचे, "वाजवता झकास हो, पण मीठ घालायला विसरलात का?" बदली माणूस घे म्हणून सिल्वेरिओनं माझं डोकं खाल्लं. पण एकाच वाद्यावर तिघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं असतं रे. तिथं परक्याचं कोपर मला सोसवेना.

तुझ्या आईला नेलं त्या दिवशीचं तुला कुणी सांगितलं नसेल. अंगणात मरिंबा मांडला होता. आपल्यात मेल्या माणसाला तसंच पाठवत नाहीत. तिच्या आवडीची चाल लावली आणि माझे हातच उचलेनात. खर्जाच्या माणसानं थांबायचं नसतं, हे मीच तुला कान पिळून शिकवलं होतं, आणि मीच थांबलो. तेवढ्यात निकोलासा आतून आली. पदराला हात पुसले, देव्हाऱ्याजवळच्या तुझ्या वाजवायच्या काठ्या घेतल्या आणि तुझ्या जागेवर उभी राहिली. तू रोज सराव करायचास तो हिनं स्वयंपाकघरात बसून ऐकला होता. तेवढंच तिचं शिक्षण. शेवटची दोन वर्षं तुझ्या आईला न्हाऊमाखू घालणारी तीच, आणि निरोपाचं वाजवलं तेही तिनंच. तिचं ऐकून माझे हात आपोआप चालायला लागले. सिल्वेरिओ डोळे पुसत म्हणाला, "वहिनी गेली, पण जाताना वादक देऊन गेली."

तेव्हापासून ती आमच्याबरोबर वाजवते. बाया नावं ठेवायच्याच. बाजारात एकीनं टोमणा मारला, "नवरा तिकडे उत्तरेला आणि ही इकडे काठ्या बडवतेय!" निकोलासा म्हणाली, "काय करणार काकू, नवरा हाताशी नाही, मग लाकूड बडवते." सगळा बाजार हसला. घरी आल्यावर मात्र ती जेवली नाही.

आता मुद्द्याच्या जवळ येतो. खालच्या गावात फिदेन्सिओ नावाचा बेकरीवाला आहे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला. त्याच्या बहिणीच्या लग्नात आम्ही वाजवलं. तेव्हापासून दर रविवारी गोड पाव घेऊन येतो. अदबीनं म्हणतो, "डॉन उस्ताकिओ, खास तुमच्यासाठी आणलाय." मला मधुमेह आहे हे आपल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे! पण माणूस सरळ आहे. परवा माझ्या समोर, टोपी हातात धरून, त्यानं तिला लग्नाचं विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "लाओ डिसेंबरात येतोय. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी कुणालाही हो म्हणणार नाही."

डिसेंबर! आठ झाले, लाओ. दर डिसेंबरात ती भिंतीला चुना लावते, तुझा निळा सदरा इस्त्री करून खुंटीला अडकवते, पानात उकडलेला मक्याचा एक तमाल जास्त करते. तो मी खातो, तिला वाईट वाटू नये म्हणून. पाद्रीबाबा यायच्या आधीच तू निघालास, म्हणून चर्चमधलं लग्न राहूनच गेलं. तिला बांधून ठेवणारं दुसरं काही नाही. दर वर्षी फोनवर 'डिसेंबरात येतो' म्हणतोस, तो तुझा एक शब्द आहे फक्त.

आपल्या गावच्या ओब्दुलिओला तिकडच्या पोलिसांनी धरून परत पाठवलं, हे तुला माहीत असेलच. तो मक्याच्या शेतात येऊन मला भेटला आणि त्यानं तुझा फोटो दाखवला. शेजारी तुझी तिकडची बायको, तिच्या खांद्यावर बाळ. नाक आपलंच आहे. किती वेळ बघत बसलो मी. नाव काय ठेवलंस रे त्याचं? मी चिडलेलो नाही. तीही कुणाची तरी लेक आहे. घरी मात्र एक अक्षर बोललो नाही. का, ते ऐक. निकोलासा गेली की या घरात मी आणि मरिंबा, दोघंच. सिल्वेरिओ तर तिन्हीसांजेला आपल्या घरी जातो. नुसता खर्ज ऐकायला दारात कुणी थांबत नाही. गप्प बसलो तर ती जन्मभर इथेच राहील, मला आयतं जेवण मिळेल, असं मन रोज म्हणतं. त्या मनाचं मी ऐकायच्या आत हे पत्र टाकतोय. पत्र हाती पडलं की येईल त्या रविवारी तू फोन करशील. मी कोंबड्यांच्या निमित्तानं परसात जाईन. तिला खरं सांग. रडू नकोस, कारणं देऊ नकोस. मी येणार नाही, तू मोकळी आहेस, एवढंच. लेक म्हणून मी तिला सासरी पाठवीन, तिच्या लग्नात खर्ज वाजवीन, न थांबता. तुझ्या काठ्या मी तिला आंदण देणार आहे, त्या मागू नकोस. आणि रविवारी तिला काहीही म्हण बाळा, पण डिसेंबर म्हणू नकोस.

जाड पट्ट्यांपाशी उभा असलेला,
तुझाच
बाबा