भोगाचा घास

यवतमाळ,
१२ डिसेंबर २००६

ती. याडीस,

वर्षाचा पाया पडून नमस्कार. इकडं आम्ही मायलेकी बऱ्या आहो. तुमचा खोकला कसा आहे? तुमचे लेक कापसाची गाडी घेऊन पुसदले गेले. तीन दिवस झाले, रांग हलत नाही म्हणे. म्हणून पत्र मीच लिहून राह्यली.

आधी चांगली खबर. तुमची नात काल सकाळी पादली. हसू नका. ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर रोज तेच विचारत होते, हवा सरली काय? आतडीचा पीळ काढला तरी आतडी काही दिवस झोपूनच राह्यते म्हणे. ते जागी झाल्याबिगर पाण्याचा थेंब द्याचा नाही. सहा वर्षांची पोरगी, पण विचारलं की लाजे अन् तोंडावर चादर घे. काल आवाज आला त शेजारच्या खाटेवरची कळंबची बाई म्हणे, "झालं वं माय, सुटली तुही पोरगी." असल्या गोष्टीवर कोणी रडते काय? मी रडली.

मग मंजुषा सिस्टरनं पाणी सुरू केलं. दोन चमचे द्याचे, मग थांबाचं. दुपारी डाळीचं वरचं पाणी, आज तांदळाची पेज, मीठ टाकून. दूध आत्ताच नाही, तिखट तर नावालेही नाही. थोडं थोडं, पण दिवसातून सहा वेळा. अन् वॉर्डात चालवाचं, माणूस चाललं की आतडी बी चालते. जमनी माह्यं बोट धरून कमरेत वाकून चालते, अगदी तुमच्यासारखी. आज शी पण झाली. मले तर पेढे वाटावं वाटलं. गुरुवारी सुट्टी देतो म्हणले.

तिनं दोनदा विचारलं, दादी कुठं गेली? मी म्हणलं, वासराले चारा टाकाले गेली.

याडी, इतकं लिहिलं, पण ज्याच्यासाठी कागद घेतला ते अजून लिहिलंच नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तांड्यावरून सेवाभायाच्या भोगाची गूळ-तुपाची लापशी आणली, पुडीत बांधून. तिच्या कपाळाले लावली अन् उशीखाली ठेवली. "डॉक्टर म्हणत नाही तोवर तोंडाले लावू नको," हे तुम्हीच बजावलं अन् नळावर गेल्या. जमनी भुकेनं कळवळत होती. मले वाटलं, भोग म्हणजे जेवण थोडंच आहे? देवाचं आहे, त्यानं काय होते? एक घास दिला. तिनं दुसरा मागितला, तो बी दिला.

तासाभरात पोट फुगलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, नाकातून नळी टाकली. आणखी चार दिवस सलाईनवर काढले लेकरानं. सिस्टर ओरडली, कोणी चारलं हे? मी म्हणलं, "हिच्या दादीनं. तांड्यावरच्या म्हाताऱ्यायले समजत नाही." साऱ्या वॉर्डासमोर म्हणलं. तुम्ही जमनीकडं पाह्यलं, मग माह्याकडं पाह्यलं, अन् म्हणल्या, "हाव, मीच." पिशवी उचलली अन् एसटीले गेल्या.

काहून नाही बोलल्या तुम्ही? दोन थापडा हाणल्या असत्या त बरं झालं असतं. मले भेव वाटलं, पोरगी गेली त सारे म्हणतीन मायनंच मारली. म्हणून तुमच्या आड लपली मी. लय लाज वाटते.

आज सिस्टरले खरं सांगितलं. कळंबच्या बाईलेही सांगितलं. ते दिवसभर माह्याशी बोलली नाही, बरोबरच केलं तिनं. वॉर्डात सांगून झालं, तांड्यावर राह्यलं आहे.

शाम भाऊजी, याडीले वाचता येत नाही, हे तुम्हीच वाचून दाखवून राह्यले असान. अन् वाचता वाचता थांबले असान. थांबू नका. शेजारपाजारचे बसले असतीन त आणखी बरं, मोठ्यानं वाचा. भोग वर्षानं चारला, याडीनं नाही.

याडी, गुरुवारी आम्हाले न्याले या. घरी पेज मी शिजवीन, पण चमचा तुमच्या हाती राहीन. नाही आल्या तरी मी समजून घेईन. जमनी नाही समजणार.

लेक म्हणवून घ्याची हिंमत नाही, म्हणून नुसती
तुमची सून,
वर्षा