बिजागऱ्यांचा बनाव

१२ जानेवारी, सकाळी ९.१०
विद्यापीठाचं पत्र आलं. निवासी चित्रकार म्हणून माझी निवड. सहा आठवडे, राहायला खोली, मोठा स्टुडिओ, अखेरीस प्रदर्शन. उशिरा का होईना, जगाला जाग आली.
पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा एक वाक्य खटकलं. 'आपल्यासोबत आणखी एक कलाकार असतील.' कोण? कशाला? नाव का लपवलं?
हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, सहा वर्षांनी ब्रश हातात धराल! हिला पुन्हा समजावलं, की सहा वर्षं मी मुद्दाम काही काढलेलं नाही. साठवण चालू आहे. ही 'हं' म्हणाली. तो 'हं' मला आवडला नाही.

१३ जानेवारी
संकल्प दोन. रोज पहाटे पाचला उठून दोन तास रेखाटन. आणि प्रकल्पाबद्दल कुणाजवळ अवाक्षर नाही.
पहिला उद्यापासून. दुसरा लगेच.

१४ जानेवारी, सकाळी ८.४०
गजर मीच लावला होता. बंद कुणी केला, याची चौकशी चालू.

१७ जानेवारी
दुसरा कलाकार कळला. कलाकार नव्हे, बाई. सिरॅमिकवाली. तिने स्वतःहून फोन केला. नंबर कुठून मिळाला विचारलं, तर म्हणे ऑफिसने दिला, सर. आवाज गोड. जरा जास्तच गोड. म्हणाली, सर, खिडकीजवळची जागा तुम्ही घ्या, माझं काय, भट्टीजवळ भागतं. खिडकी आपणहून सोडणाऱ्याला नक्की दुसरं काहीतरी हवं असतं. ते लगेच कळलं. हळूच विचारलं, सर, तुम्ही तिथे काय करणार आहात?
विचार चालू आहे, एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.
मग दारही लावून घेतलं. फोन ठेवल्यावर दार लावून उपयोग नसतो, पण लावलं.

२० जानेवारी
कागद आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, काय काढणार त्यावर कागद ठरेल, साहेब. ह्यालाही जाणून घ्यायचंय! त्याला अंदाज लागू नये म्हणून तीन तऱ्हेचे घेतले. घरी आल्यावर मलाही लागेना.

२४ जानेवारी
समन्वयक बाईंचा ईमेल. प्रकल्पाची माहिती दीडशे शब्दांत पाठवा. ईमेलची प्रत सिरॅमिकवालीला! म्हणजे आता दिवसाढवळ्या.

सायंकाळी ६.३०
युक्ती सुचली. खोटा प्रकल्प पाठवायचा. इतका टुकार, की चोरणाऱ्याला लाज वाटावी. मान वर केली तर समोर दार. दाराला बिजागऱ्या. लिहून टाकलं: 'बिजागरी. उघडणं आणि मिटणं यांच्या मधली जागा. चाळीस रेखाटनं.' दहा मिनिटांत दीडशे शब्द.
हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, अहो, हे छान आहे.
स्वभावाने चांगली आहे. कलेतलं कळत नाही.

२९ जानेवारी
समितीला प्रकल्प 'अतिशय भावला'. काहीतरी शिजतंय. समित्यांना काही भावत नसतं.

३ फेब्रुवारी
पोस्टर आलं. माझं नाव बारीक, खाली भलीमोठी बिजागरी. मुलीने तिच्या गावाहून फोन केला. म्हणाली, बाबा, पहिल्यांदाच तू मला समजेल असं काहीतरी करतोयस. तिला खरं सांगणार होतो. पण फोनवर नको.
खऱ्या प्रकल्पाचं काम जोरात. वहीत त्याचं नाव लिहिलं. खोडलं. दुसरं लिहिलं. आजवर अकरा झाली. नाव पक्कं झालं की चित्रं पाठोपाठ येतील.
पहाटेचं रेखाटन उद्यापासून. थंडी कमी होतेय.

८ फेब्रुवारी
सिरॅमिकवालीचा फोन. विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीची दारं काढतायत म्हणे. तिने सुताराला गाठून माझ्यासाठी खोकंभर बिजागऱ्या बाजूला ठेवायला लावल्या. पितळी, लोखंडी, एक तर हातभर लांब, सर!
डाव स्पष्ट आहे. मला बिजागऱ्यांत अडकवून ठेवायचं आणि तेवढ्यात आपला हात साफ करायचा. कोरड्या आवाजात आभार मानले.

२५ फेब्रुवारी
सामान बांधलं. पेटीला दोन कुलपं. हिने पेटी उचलून पाहिली. म्हणाली, अहो, ही इतकी हलकी कशी? म्हटलं, कल्पनांना वजन नसतं.
ही पलंगाच्या कडेला बसली. विचारलं, भीती वाटतेय का?
काय प्रश्न आहे! भीती नव्हे, सावधगिरी. तर म्हणते, मागच्या प्रदर्शनाला कुणी फिरकलं नाही, ते मनातून काढून टाका आता. तेव्हापासून तुम्ही…
वाक्य पुरं होऊ दिलं नाही. सामान राहिलं होतं.
हिला हे सगळं कोण शिकवतं?

१ मार्च
पोहोचलो. खोली ठीक. स्टुडिओत खिडकीजवळचं टेबल खरोखरच माझ्यासाठी रिकामं ठेवलंय, पुसूनसुद्धा. खिडकीबाहेर माळी झुडपं कापत होता. एकच झुडूप अर्धा तास. त्याच्यावर नजर ठेवली. रेखाटन जमलं नाही.

२ मार्च
सकाळी दहाला सगळे जमले. साठेक विद्यार्थी. समन्वयक बाईंनी ओळख करून दिली तीच 'आपले बिजागरीवाले सर' म्हणून. मी ठरवूनच आलो होतो. उभा राहिलो. बिजागऱ्या हा निव्वळ बनाव होता, असं जाहीर केलं. सर्वांसमोर दोन्ही कुलपं उघडली, वही काढली आणि खऱ्या प्रकल्पाची अकरा नावं खणखणीत आवाजात वाचली.
पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, आणि चित्रं, सर?
मी पानं उलटली. शेवटपर्यंत उलटली. मला खरंच वाटत होतं, की काहीतरी असेल.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सिरॅमिकवालीने ते खोकं आणून माझ्यापुढे ठेवलं. वरचीच उचलली. गंजलेली, एक वाकडा खिळा अजून अडकलेला. खाली बसलो आणि काढायला लागलो. दीड तास लागला. एक पट्टी तिरकी आली. तोवर विद्यार्थी एकेक करून निघून गेले. पुढच्या बाकावरची तेवढी थांबली होती, पण तिची बस होती.
मग सिरॅमिकवालीने विचारलं, सर, तुमचा खरा विषय काय आहे?
सहा आठवडे ह्या प्रश्नाचं उत्तर न देण्याची तयारी केली होती. उत्तरच नव्हतं. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं. आणि पुन्हा माती मळायला लागली.
संध्याकाळी हिला फोन केला. म्हटलं, एक काढलं. हिने विचारलं, काय? म्हटलं, बिजागरी.
पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडत होती की हसत होती, कळेना. विचारायचं धाडस झालं नाही.