तीमथ्याच्या बापाचं नाव

कसबा बावडा, कोल्हापूर
२८ एप्रिल २०२५

चि. तीमथ्य यास आईचे अनेक आशीर्वाद व सलाम. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसू नकोस. फोनवर तुझे अप्पा शेजारी बसून सगळं ऐकतात, आणि भांडण त्यांच्याशीच झालंय. उत्तर शेजारच्या मेहरुन्निसा भाभींच्या पत्त्यावर पाठव.

मातृदिनाच्या रविवारी, ११ मेला, चर्चमध्ये आईच्या विश्वासावर मी बोलायचं ठरलंय. बायबलमधल्या तीमथ्याची आई युनीके, तिच्यावर बोलणार आहे. तुझं नाव तिच्याच लेकावरून ठेवलंय. परवा यांना वाचून दाखवलं. आजी लोईस झाली, आई युनीके झाली, तसं यांनी विचारलं, बापाचं नाव काय? मी म्हटलं, तो हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होता, वेगळ्या धर्माचा. नाव दिलेलं नाही. झालं, पेटलेच की! म्हणे, एवढ्या जाड पुस्तकात गाढवंसुद्धा मोजून लिहिलीत, आणि पोराच्या बापाला नाव न्हाय? मी लिंगायत असून तीस वर्षं तुला गाडीवरून चर्चला नेलं, बाहेर उन्हात बसलो, त्याची हीच किंमत व्हय?

तेव्हापासून अबोला. चहात साखर कमी पडली तरी भाभींकडं निरोप. रविवारी रिक्षानं जा, हाही निरोपच.

बाळा, वरून हसते, पण आतून फार वाईट वाटतंय. त्यांच्या घरचे काय म्हणतील या भीतीनं इतक्या वर्षांत मी एकदाही त्यांना आत या म्हटलं नाही. आता कुठल्या तोंडानं बोलू? चर्चला नाही म्हणून कळवावं असं मनात आहे. तुझं मत लवकर लिही आणि वेळेवर जेवत जा.

तुझी आई,
संयोगिता

पुणे
३ मे २०२५

ती. आईस सा. न. व सलाम.

तू बोलायलाच हवंस. फक्त एक गोष्ट तुला ठाऊक नाही, ती आता सांगून टाकतो.

संडे स्कूल शिकवायला तू तासभर आधी जायचीस. तुला सोडून अप्पा मला उठवायला परत यायचे. पोटात दुखतंय म्हटलं की मूठभर ओवा तोंडात कोंबायचे. वचन पाठ झाल्याशिवाय गाडीवर बसू द्यायचे नाहीत. कपाळाला विभूती लावून, तुझं बायबल मांडीवर घेऊन त्यांनीच माझ्याकडून तेविसावं स्तोत्र घोकून घेतलं, सगळं हाय आणि न्हाय लावून! मी चर्चमध्ये तसंच म्हटलं म्हणून तू मला धपाटा घातलास, तो पाठ करून घेणाऱ्याला बसायला हवा होता.

हे आईला सांगू नको, अशी त्यांची ताकीद होती. पोरगं तिनं घडवलं असंच तिला वाटू दे, म्हणायचे.

अप्पांना नमस्कार सांग, पत्राचं मात्र बोलू नकोस. माझ्यावर माया असू दे.

तुझा तीमथ्य

कसबा बावडा
१२ मे २०२५

चि. तीमथ्य यास आशीर्वाद व सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून भाभींच्या ओट्यावर मी ढसाढसा रडले. रविवारी रिक्षा बोलावलीच नाही. गाडीपाशी जाऊन उभी राहिले, तर यांनी मुकाट्यानं किक मारली.

युनीकेचं सगळं सांगून झालं आणि कागद बाजूला ठेवला. म्हटलं, त्या तीमथ्याच्या बापाचं नाव लिहायचं राहून गेलं. आमच्या तीमथ्याच्या बापाचं मी सांगते, महालिंग. मग ओवा, स्तोत्र, सगळं सांगितलं. पुढच्या बाकावरच्या क्रांतीताई तर पदरानं डोळे पुसत होत्या. शेवटी माईकवरूनच यांना म्हटलं, अहो, आत या. सगळ्या बायका खिडकीकडं वळल्या, आणि हे गाडी घेऊन पळालेच! न्यायला आले ते अर्ध्या तासानं. मी चुकले का रे?

हे पत्र टपालात टाकायला त्यांच्याकडंच देते. आता लपवायचं काय राहिलं? सुट्टी मिळाली की ये.

तुझी आई

ता. क. तीमथ्या, पाकीट मी फोडलंय, आईला सांगू नको. पळालो न्हाय, डोळ्यात कचरा गेलता. येत्या रविवारी आत बसावं म्हणतोय. चपला दारात काढायच्या का न्हाय, तेवढं कळव. तीस वर्षं भाईर बसून ते बघायचंच राह्यलं. तिला इचाराय लाज वाटती.
— अप्पा