साडूंची टोपी आणि माझा ताण

अमडापूर, रविवार

ती. गजेंद्रराव यांस,

गोपाळचा साष्टांग नमस्कार. (चारुलताच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून साष्टांग. एरवी तुमच्या वागण्याला कोपरापासून नमस्कार पुरला असता.) इकडे सारे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे, अन्नपूर्णाताईंची तब्येत काय म्हणते, सोयाबीन निघालं का, ते कळवावे. पत्र पाहून तुम्ही म्हणाल, याला फोन करायला काय झालं. तर आमच्या शंतनूच्या साखरपुड्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, हे एक. दुसरं म्हणजे आज माझा मोबाइलचा उपवास आहे. साबुदाणा चालतो, मोबाइल चालत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी चिडचिड वाढली, असं चारुलताचं मत आहे. (नोकरीत असताना ती अख्ख्या वर्गात सारखी वाटली जायची.) तिनं हे शंतनूच्या कानावर घातलं. त्यानं पुण्याहून मनगटी घड्याळ पाठवलं. त्यावर वेळ दिसते ती नावापुरती. खरं काम माणसाचा ताण मोजण्याचं. हिरवी पट्टी म्हणजे शांत, पिवळी म्हणजे बेताचं, लाल म्हणजे धोका, आणि पट्टी इथे लाल झाली की पुण्यात पोराला दिसते. वर त्यानं माझं नाव ऑनलाइन ध्यानवर्गात घातलं आणि बजावलं, की दिवाळीपर्यंत पट्टी हिरवी झाली नाही तर दोघांनी कायमचं पुण्याला यायचं, अकराव्या मजल्यावर. गजेंद्रराव, खरं सांगतो, मला भीती वाटली. अकराव्या मजल्यावर बसलेल्या माणसाला रस्त्यानं जाणारा रामराम कसा घालणार? मी तिथे कुणाला ओळखणार, आणि मला तरी कोण?

म्हणून मी मनापासून ध्यानाला लागलो. वर्ग सकाळी सहाला. रेवती मॅडम शिकवतात. (रविवारचा मोबाइलचा उपवास त्यांनीच लावलाय.) आवाज इतका मऊ की त्या रागावल्या तरी कळायचं नाही. आमच्या घरात रेंज फक्त ओसरीत, त्यामुळे मी ओसरीत डोळे मिटून बसू लागलो. रस्त्यानं जाणारे रामराम घालत. न बोलावं तर उद्धट ठरायचं, म्हणून मी डोळे मिटूनच रामराम परतवायचो. व्हायचं तेच झालं. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं, अशी गावात बातमी पसरली. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे, आजाऱ्याला पाहायला जायचं तर सकाळीच, आणि रिकाम्या हातानं जायचं नाही. लोक बिस्किटांचे पुडे, केळी घेऊन ओसरीत येऊन बसले. मी समजावून सांगायला डोळे उघडणार, तोच समोरच्या सिंधूताईंनी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. "डोये उघडू नका, सर. टाका तुटन." मग कोणता डॉक्टर चांगला यावर माझ्या डोक्यावरून वाद सुरू झाला. मोबाइलमधून मॅडम म्हणत होत्या, आजूबाजूचे आवाज येऊ द्या, जाऊ द्या. आवाज आले, पण चहा घेतल्याशिवाय त्यातला एकही गेला नाही. पट्टी आठवडाभर लाल.

तेव्हा मला युक्ती सुचली. आमच्या मागे कडूबाचा भाजीचा मळा आहे. त्याला कुणी कधी घाई करताना पाहिलेलं नाही. घड्याळ त्याच्या हाताला बांधलं आणि पट्टी अशी हिरवीगार झाली की शंतनूनं मॅडमना कळवलं, आणि मॅडमनी वर्गात माझं कौतुक करून मला अनुभव सांगायला लावला. (मी सांगितला. चांगला झाला.) पण बाजाराच्या दिवशी कडूबा घड्याळासकट कोबी घेऊन चिखलीला गेला. भावावरून घासाघीस सुरू झाली असावी. इकडे मी वामकुक्षी घेत होतो आणि शंतनूचा फोन, बाबा, पडून राहा, अजिबात हलू नका. संध्याकाळी कडूबानं घड्याळ माझ्यापुढे ठेवलं. "घ्या सर तुमचं. मी तिथं भांडून राह्यलो, अन हे हातावर थरथरते. म्हणते श्वास घ्या. श्वास घेत बसलो तर कोबी कोन इकन?"

नाइलाजानं मी ते पुन्हा माझ्या हाताला बांधलं. आणि एका दुपारी पाहतो तो काय, पट्टी हिरवी. ध्यान नव्हतं, झोप नव्हती. मी चारुलताला तुमची गोष्ट पुन्हा ऐकवत होतो. साखरपुड्यात शेला-टोपीचा मान देताना तुमच्या डोक्यावर टोपी बसली नाही, तुम्ही भर मांडवात विचारलंत ही टोपी आहे की वाटी, मी म्हणालो टोपी मापातच आहे, डोकं फुगलंय, आणि तुम्ही टोपी खिशात कोंबून न जेवता निघून गेलात. मी पडताळून पाहिलं. ध्यानाला बसलो की पिवळी, तुम्हाला नावं ठेवायला लागलो की हिरवी. मॅडमना विचारायची हिंमत झाली नाही.

घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावे.

आपला,
गोपाळ

ता. क. : शंतनू दिवाळीत तपासणीला येतोय. तेव्हा तुम्ही दोन दिवस आधीच या, ओसरीत बसा आणि पूर्वी रोज संध्याकाळी फोनवर भांडायचात तसं भांडा. फार झालं असं वाटू देऊ नका. माझं अमडापूर तुमच्या हातात आहे. टोपीबाबत मात्र मी माघार घेणार नाही.

ता. क. (चारुलताकडून) : भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून लिहिते. पुण्याला जायचं नाही हे मी शंतनूला पहिल्याच दिवशी सांगितलंय आणि त्यानंही ते सोडून दिलंय. यांना कळवलं नाही, कारण त्या भीतीनं हे पाचला उठतात आणि ध्यानाआधी नळाचं पाणी भरून ठेवतात. तुम्ही मात्र खरंच या. रोज संध्याकाळी हे फोन हातात घेतात, त्यात तुमचं नाव शोधतात आणि न लावताच परत ठेवून देतात. तुमच्या मापाची नवी टोपीही यांनीच चिखलीहून आणून कपाटात लपवली आहे. तरी येताना ती साखरपुड्यातलीच घालून या. ती पाहिल्याशिवाय यांना बरं वाटायचं नाही.