आईच्या घेवड्याच्या बिया

प्रिय ताई,

तुझ्या धाकटीचा दुरूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तुझ्यापुढे माझी तक्रार कसली! शेक घेतेस ना?

इथे थंडीने मातीचा दगड झालाय, म्हणून बागेचं काम शेडमध्ये चालतं. आम्ही हौशी माळी खुरप्यांना धार लावतो, छाटणी शिकतो. शिकवणाऱ्या बाई आपल्या शाळेतल्या सिस्टरांइतक्याच करड्या. मी अजून हात वर करूनच बोलते.

गेल्या महिन्यात बी तपासायला शिकलो. दहा बिया ओल्या कागदात गुंडाळायच्या आणि किती उगवतात ते बघायचं. मी आईच्या शेवटच्या वेलाच्या नेल्या, आपण दोघींनी वाटून घेतलेल्या. अकरा वर्षं डबीत जिवापाड जपल्या होत्या गं.

एकच उगवली.

"अहो, पेरल्या का नाहीत इतकी वर्षं?" बाईंनी विचारलं.

"संपतील म्हणून."

"पेरल्या असत्या तर दरवर्षी नव्या मिळाल्या असत्या."

घरी येऊन कोट न काढताच बसून राहिले. काळजी करू नकोस, नुसती दमले होते.

ते रोप आता खिडकीत, कपात आहे. हे रोज त्याला विचारतात, "काय सासूबाई, बरं आहे ना?"

तुझा वाटा साड्यांखाली असेल. उद्याच काढ. आळं सूनबाई करील, पण बिया तुझ्या हाताने टाक. उगवल्या तर कळव. नाही उगवल्या तरी कळव, मग इथला वेल आपल्या दोघींचा.

तुझीच,
धाकटी