ग्राहक घरी नाही

२ सप्टेंबर

एकशे बारा पार्सलं. एकशे बारा वेळा उतरलो, एकशे बारा वेळा चढलो, आणि संध्याकाळी गाडी निघाली होती तिथेच आणून लावली. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर निदान झापड तरी असते. मला सगळं दिसतं!

बाबांनी हे सव्वीस वर्षं केलं. सहा ठेकेदार बदलले, गाडीचा रंग सहा वेळा बदलला, रूट तोच. प्रत्येक नवा ठेकेदार म्हणायचा, आजपासून तुमची नोकरी नवी. म्हणजे सव्वीस वर्षांत बाबांची नोकरी कधी पाच वर्षांपेक्षा जुनी झालीच नाही. पाठ तेवढी जुनी झाली. जुलैत मणक्याची चकती सरकली. तेव्हापासून ते लाकडी फळीवर पालथे आणि मी गाडीवर.

कागदावर अजून तेच चालवतात. सकाळी स्कॅनर चालू केला की त्यांचं नाव येतं. सुपरवायझरला माहीत आहे. त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणतात, कारण त्याला नमस्कार केला तरी तो वेळ सांगतो. तो म्हणाला होता, दोन महिने ढकला, मी काही पाहिलं नाही.

५ सप्टेंबर

बाबा फळीवरून गाडी चालवतात. आज कुठून सुरुवात केलीस? शेवटचं पार्सल आधी भरलंस ना? दवाखान्याच्या मागचं दार साडेदहाला उघडतं, आधी जाऊ नकोस. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना जिना चढत हाक मार, म्हणजे तू पोचेपर्यंत ते दारात येतात.

मी म्हणालो, माझं डोकं म्हणजे तुमचा नकाशा नाही. बोललो आणि लगेच लाज वाटली. ते नुसते म्हणाले, बरं. हे ‘बरं’ शिवीपेक्षा जोरात लागतं.

८ सप्टेंबर

कॉलेजचं पत्र आलं. तीस तारखेपर्यंत लेखी माफी दिली तर पुन्हा घेतील. हजेरीचं पुस्तक दुसऱ्या मजल्यावरून खाली भिरकावणारा मी! सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, तू येतोस कशाला? मग आलोच नाही. नाक कापलं कुणाचं? माझंच.

पण सुटका आहे. एक तारखेला नवा ठेकेदार येतोय. बाबा म्हणतात, तोवर मी उभा राहतो, तू माफी लिहून टाक. आई म्हणाली, लिहिताना त्यातही भांडू नकोस.

माफी लिहायला घेतली. दोन ओळींत भांडण सुरू झालं. फाडली.

९ सप्टेंबर

पुढच्या बाकावरच्या तिचा फोन. वर्गात माझी जागा रिकामीच आहे म्हणाली. मी काय करतोय, विचारलं. पुन्हा तेच सांगितलं — दुसऱ्या गावात मामाकडे आहे, ऑफिसात, फिरती खुर्ची आहे. खुर्ची फिरते एवढंही पुरलं असतं, पण मी खिडकीतून तळं दिसतं असंसुद्धा ठोकून दिलं.

ती म्हणाली, छान आहे की.

तिच्यासमोर पाठीवर ठेकेदाराचं नाव छापलेला शर्ट घालून उभा राहू? मेलो तरी नाही.

१२ सप्टेंबर

सकाळी गाडी भरताना हातात खोकं आलं. लहानसं, हलकं. वर तिचं नाव, तिचा पत्ता!

दिवसभर ते खोकं मागे ठेवत गेलो. शेवटी तेवढंच उरलं. तिची गल्ली. डावीकडचं तिसरं घर, निळं दार. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून बसलो. सही म्हणून तिनं बोट फिरवायचं आणि मी काय म्हणायचं — तळं आज इकडे आलंय?

पत्त्यापासून पन्नास पावलांच्या आत असलं की स्कॅनर ऐकतो. ‘ग्राहक घरी नाही’ दाबलं. दाराचा फोटो मागितला. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं बंद दार समोरच होतं. काढला.

१३ सप्टेंबर

पुन्हा तेच. तेच खोकं, तेच शिंप्याचं दार. आज जाईन म्हणून पाच मिनिटं गाडीत बसलो. केस विंचरले. मग दाबलं.

१४ सप्टेंबर

तिसऱ्यांदा. तिसऱ्यानंतर माल आपोआप परत जातो. सुटलो.

सुटलो म्हणून लिहिलं खरं. पण खोकं परतीच्या ढिगात टाकताना दोनदा तिचं नाव वाचलं.

१८ सप्टेंबर

तक्रार आली.

घड्याळानं सगळ्यांसमोर वाचली. ‘तिन्ही दिवस आम्ही घरातच होतो. फोटोतलं दार आमचं नाही. पार्सलात आईचं कानाचं यंत्र होतं, दुरुस्तीहून येणार होतं. आई पंधरा दिवस काही ऐकू न येता बसली आहे.’ खाली तिचं नाव. वर बाबांचं — चालक म्हणून.

कानाचं यंत्र! मला वाटलं पुस्तक असेल, ओढणी असेल. एकदा फोनवर ती बोललीही होती की आईशी हातवारे करून बोलावं लागतंय. मी तेव्हा तळ्याचं वर्णन करत होतो.

घड्याळ मला बाजूला घेऊन म्हणाला, नवा ठेकेदार फक्त कोऱ्या पाटीचे जुने ड्रायव्हर घेणार. सव्वीस वर्षांत तुझ्या बापाची ही पहिली तक्रार. ती पुसायचा रस्ता एकच. चालकानं स्वतः ग्राहकाच्या दारी जायचं आणि त्याच्या हातानं लिहून आणायचं की तक्रार मागे घेतो. ग्राहकालाही तसा मेसेज जातो. मी म्हणालो, जातो. तो म्हणाला, तू कोण? कागदावर तू नाहीस.

१९ सप्टेंबर

बाबांना सांगावं लागलं. त्यांनी फोटो पाहिला. चष्मा न लावता म्हणाले, हे तर शिंप्याचं दार.

का केलंस, विचारलं. मी म्हणालो, घाई होती. ते म्हणाले,

“मला या रूटवर कुत्री चावली, लोकांनी दारं तोंडावर आपटली. पण दार न वाजवता ‘घरी नाही’ असं मी कधी लिहिलं नाही रे.”

मी भडकलो. म्हणालो, सांगतो खरं, मीच होतो म्हणून, काय करायचं ते करू दे. ते म्हणाले, खरं सांगितलंस तर मी दुसऱ्याच्या हाती गाडी दिली असं होईल. माझी नोकरी जाईल आणि तुझं नावही काळ्या यादीत चढेल. तुझा कागद स्वच्छ राहू दे. तुला कॉलेजात जायचंय.

आई पाठीचा पट्टा घेऊन आली.

२० सप्टेंबर

मीच त्यांना नेलं. गल्लीच्या तोंडाशी, त्याच जागी गाडी लावली. बाबा पट्टा आवळून उतरले. खाली पाय टेकवताना त्यांनी दाराची मूठ अशी धरली की बोटं पांढरी झाली. मी स्टिअरिंगखाली डोकं घातलं. स्वतःचा बाप तिच्या दारात माफी मागायला उभा, आणि मी टोपी डोळ्यांवर ओढून लपलेलो. आता मला कुणी मर्द म्हणू नये.

अर्ध्या तासानं आले. चेहरा घामेजलेला, पण खूश. म्हणाले, पोर गुणाची आहे. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, मी तिला सांगितलं, गाडीवर मीच होतो, पाठीमुळे उतरवलं नाही, खोटं दाबलं. तिनं लिहून दिलं.

कागद वाचला. ‘चालकांची पाठ फार दुखते, त्यामुळे ते तीन दिवस गाडीतून उतरू शकले नाहीत. माझी तक्रार नाही. या गृहस्थांना कृपया त्रास देऊ नये.’

कसलं सुंदर अक्षर आहे तिचं.

२६ सप्टेंबर

नव्या ठेकेदाराचा माणूस आला. जुने कागद चाळले. तक्रार मिटली आहे म्हणाला, छान. मग तिच्या ओळीवर बोट ठेवलं. पाठ दुखते, उतरू शकत नाहीत — हे ग्राहक लिहितोय. असा चालक मी कसा घेऊ?

पाटी कोरी झाली आणि पाटीच काढून घेतली!

घड्याळ म्हणाला, रूट बाहेरच्याला जाईल, नाहीतर पोरानं नाव लावावं. तीन वर्षांचा करार. मध्ये सोडता येणार नाही.

बाबा म्हणाले, नाही. तू कॉलेजात जा, मी दुसरं काहीतरी बघतो. फळीवर पालथं पडून म्हणाले. मी ओरडलो, काय बघणार, जमीन? आईनं मला बाहेर काढलं.

२८ सप्टेंबर

सही केली.

३० सप्टेंबर

आज शेवटची तारीख होती. कॉलेजवरून जाणारा रस्ता टाळून लांबून वळसा घेतला. बाबा संध्याकाळी म्हणाले, गाडी आज अर्धा तास उशिरा आली. मी म्हणालो, बरं.

३ ऑक्टोबर

स्कॅनरवर माझं नाव. दुरुस्तीवाल्यांनी यंत्र पुन्हा पाठवलं होतं. आज गाडी निळ्या दारासमोर नेली. शर्टासकट उतरलो. दार वाजवलं.

तिनंच उघडलं. दचकली नाही. बोटानं सही केली. मी मामा, खुर्ची असं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, “तिन्ही दिवस खिडकीतून बघत होते तुला. केससुद्धा विंचरलेस. तक्रार केली की चालकाला स्वतः दारात यावं लागतं, असं पार्सलच्या ॲपमध्ये लिहिलं होतं. तुला आणायला केली होती रे. तुझ्या बाबांनी आडनाव सांगितलं तेव्हा कळलं कोण आलेत. मग त्यांना वाचवायला म्हणून ते पाठीचं लिहिलं.”

तिनं विचारलं, बाबा कसे आहेत?

म्हणालो, बरे आहेत, आणि गाडीकडे वळलो. अजून एकोणसाठ पार्सलं होती.